मास्तरांचा स्वल्पविराम

बारामतीच्या हायस्कुलातले आमचे व्याकरणाचे मास्तर किती विनोदी होते, हे इंदापूरचे माझे वर्गबंधू अजून रंगवून सांगतात. ती मंडळी प्रेक्षकांत बसली होती. मास्तरांचा घोटा माझ्या हातात होता.

लांबलचक वाक्य एका श्वासात म्हणायचे, टोपी सावरायची आणि "आहे कोणाची छाती?" असे वर्गाला विचारायचे, ही त्यांची सवय. आम्ही इंग्रजी सहावीत असताना स्नेहसंमेलनात शिक्षक विरुद्ध विद्यार्थी असा हुतूतूचा सामना झाला. शेवटच्या चढाईला धोतराचा काचा मारून तेच आले. मी त्यांना धरले. मधली रेषा हातभर राहिली असता त्यांचा आवाज बंद पडला. त्यांनी चक्क श्वास घेतला, पुन्हा 'हुतूतू' सुरू केले आणि रेषेला हात लावला.

"मास्तर, दम तुटला," मी म्हणालो. "म्या ऐकलं की."

"गाढवा, तो स्वल्पविराम होता."

पंच असलेले हेडमास्तर पोट धरून हसले आणि शिक्षक जिंकले.

पुढच्या वर्षी मास्तर स्वतः पंच झाले. चढाईत माझा आवाज जरासा अडखळताच शिट्टी फुंकून ते म्हणाले, "पूर्णविराम. हो बाहेर."

हा विनोद मात्र इंदापुरात कोणी सांगत नाही.