दोन नंबरांच्या रस्त्यावरची हजेरी

भित्री माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पालीला भिणारी, इंजेक्शनला भिणारी, साहेबाच्या बुटांच्या आवाजाला भिणारी. पण सरळ, गुळगुळीत, चांगल्या डांबरी रस्त्याला केवळ त्याचे नंबर दोन आहेत म्हणून भिणारा माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका साडू म्हणून माझ्या वाट्याला आला. माझ्या बायकोची थोरली बहीण म्हणजे अक्का, आणि हे अक्काचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणायची म्हणून मीही दाजीच म्हणत असे. ते मला 'पाव्हणं' म्हणत, आणि तेसुद्धा अशा सुरात, की आता पुढं काहीतरी वाईट बातमी येणार अशी माझी खात्री होऊन मी हातातला चहा खाली ठेवत असे.

तसा माणूस भेकड मुळीच नव्हता. त्यांच्या कॉलनीत एकदा नाग निघाला, तेव्हा बाकीचे सगळे गच्चीवर चढून सूचना देत होते आणि दाजी बनियनवर काठी घेऊन त्याला माळावर सोडून आले. मे महिन्याच्या भर दुपारी, कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही अशा वेळी, हे बोडक्यानं मंडईत जाऊन वांगी निवडायचे. डॉक्टरांना भीत नसत, पुढाऱ्यांना भीत नसत, अक्कालाही फारसं भीत नसत. उभा जन्म त्यांनी कुर्डुवाडीच्या शाळेत भूगोल शिकवला आणि सोलापूर-कुर्डुवाडी अशी रेल्वेनं ये-जा केली. त्यामुळं रस्ता ही चीज त्यांना नकाशावर पाठ होती, पायाखाली कधी फारशी आलीच नव्हती. ती आली निवृत्तीनंतर, मी गाडी घेतली तेव्हा. म्हणजे या सगळ्या प्रकरणाचं मूळ माझी गाडी आहे, असं अक्का मला कायम ऐकवते.

प्रकार असा आहे. तुळजापूरकडून येणारा बावन्न नंबरचा हायवे आमच्या सोलापूरपाशी पासष्टला येऊन मिळतो. पासष्ट हा हैदराबाद-पुण्याचा. थोडा वेळ दोघं एकाच डांबरावरून चालतात, आणि मग केगावाजवळ बावन्न विजापूरच्या अंगाला वळून निघून जातो. लाखो माणसं तिथून जातात, कुणाला त्याचं काही वाटत नाही. आम्ही चौघं पहिल्यांदा गाडीतून मोहोळकडं निघालो, तेव्हा दाजींना पाटीवर दोन नंबर शेजारी शेजारी दिसले.

"पाव्हणं, गाडी बाजूला घ्या."

मला वाटलं, उलटी आली. मी घाईघाईनं बाजूला घेतली. दाजी उतरले, पाटीखाली जाऊन उभे राहिले, चष्मा पुसला, परत आले आणि हळूच मला म्हणाले, "आपण आत्ता नक्की कुठल्या रस्त्यावर हाय?"

"दोन्हींवर," मी म्हणालो.

"दोन्हींवर म्हणजे कुठल्याच न्हाई की हो."

त्या दिवसापासून त्यांच्या जिवाला जी धास्ती लागली ती लागलीच. त्यांचं म्हणणं ऐकताना आधी हसू यायचं, आणि घरी जाऊन पडलं की झोप यायची नाही, हीच तर पंचाईत होती. ते म्हणत, रस्त्याच्या कडेला पिवळ्या टोपीचे किलोमीटरचे दगड असतात ना, ते तेवढ्या तुकड्यात एकाच रस्त्याचे मोजतात. मग दुसऱ्या रस्त्याचे तेवढे किलोमीटर गेले कुठं? "माणसं चालतायत, गाड्या पळतायत, आणि तो रस्ता मोजलाच न्हाई! ज्याची मोजदाद न्हाई तिथं माणूस हरवला तर कळणार कुणाला?" मी म्हणायचो, दाजी, हरवेल कसा, समोर ढाबा आहे, पेट्रोल पंप आहे. त्यावर ते माझ्याकडं अशा करुणेनं बघायचे, की मला आपण वर्गातल्या शेवटच्या बाकावर बसलोय असं वाटायचं. अपघाताचंही तेच. "समजा काय बरंवाईट झालं. फोन केला. पासष्टवाले म्हणणार हा बावन्नचा माणूस, बावन्नवाले म्हणणार पासष्टचा. मधल्यामधी आपण बेवारस." आणि वर हेही, की या पासष्टला पूर्वी नऊ नंबर म्हणत. तो नऊ कुठं गेला, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. गेला असेल यावर त्यांचा विश्वासही नव्हता. खालच्या डांबरात असणार तो अजून, म्हणायचे.

शंका विचारायला त्यांना माणूस पुरायचा नाही. त्या तुकड्यावरच्या एका ढाब्यावर चहाला थांबलो असताना त्यांनी एका ट्रकवाल्याला गाठलं. तो बिचारा पाठ टेकून बिडी ओढत होता. "भैया, ये रस्ता कौनसा है?" त्यानं आधी रस्त्याकडं बघितलं, मग दाजींकडं. "रस्ता हैच ना चाचा. चलते जाव, आता सो गाँव आता." म्हणजे चालत राहा, यायचं ते गाव येतंच. एवढं बोलून तो बिडी ओढायला लागला. दाजी येऊन बसले. चहा निवून गेला. शेवटी म्हणाले, "बघितलंत? त्याला बी म्हाईत न्हाई."

यातूनच ती हजेरी निघाली. शिक्षकाचा पिंड, दुसरं काय सुचणार! दोन नंबरांची पाटी आली, की दाजी मागच्या सीटवर ताठ बसायचे आणि वर्गात घ्यावी तशी गाडीची हजेरी घ्यायचे. "गाडी चालवणारे?" मी म्हणायचं, हजर. "धाकटी?" माझी बायको म्हणायची, हजर दाजी. "आमच्या मंडळी?" अक्का खिडकीकडं तोंड करून म्हणायची, "हजर. आणि गप बसा आता, लोक बघतेत." मग दाजी स्वतःचं नाव घ्यायचे, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, आणि जरा खालच्या आवाजात स्वतःच उत्तर द्यायचे, "हजर." रस्ते फुटले की हीच हजेरी पुन्हा. माणसं मोजून आत न्यायची आणि मोजून बाहेर काढायची. नियम एकच, पण कडक. उत्तर आलं नाही तर गाडी पुढं न्यायची नाही.

आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याची हौस आहे, चार दिवस चालेल. कसलं काय! एकदा माझ्या बायकोला डुलकी लागली आणि केगावच्या फाट्यावर 'धाकटी?' ला उत्तर आलं नाही. दाजींनी माझा खांदा असा धरला, की मी ब्रेकवर उभाच राहिलो. मागून उसाचा ट्रॅक्टर, त्यामागं एसटी, सगळे हॉर्न मारतायत, एसटीचा ड्रायव्हर मान बाहेर काढून माझ्या खानदानाचा उद्धार करतोय, आणि दाजी शांतपणे पुन्हा, "धाकटी?" बायको दचकून जागी झाली आणि गाडीत उभी राहायला गेली. टपाला डोकं आपटलं तिचं. एका लग्नाला जाताना तर त्यांनी भाड्याच्या जीपमध्ये वऱ्हाडाची हजेरी घेतली, नवरदेवासकट. नवरदेवानं लाजून 'हजर' म्हटलं. बायका हसून हसून बेजार झाल्या. दाजी मात्र हसले नाहीत. घामाघूम झाले होते.

एकदा मी जरा वैतागून विचारलं, "दाजी, रेल्वेचेसुद्धा रूळ एकत्र येतात, सुटतात. कुर्डुवाडीत जन्म काढलात, तिथं नाही भ्यालात?"

"तिथं रूळ फुटतो तिथं माणूस असतोय पाव्हणं," ते म्हणाले. "झेंडा घेऊन. कोण कुठं चाललंय ते बघायला. हितं फाट्यावर कोण हाय? कोण बघतंय?"



मग अक्काचं दुखणं निघालं. जिना चढताना दम लागायचा, पाय सुजायचे. सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदयाची झडप खराब झालीय, बदलावी लागेल, पुण्याला न्या. दाजी म्हणाले, रेल्वेनं नेऊ. पण अक्काला स्टेशनचा पूल चढवणार कसा? गाडीच काढावी लागली. त्या सकाळी दाजींनी तोंडात पाण्याचा थेंब घेतला नाही. पाटी आली. हजेरी सुरू झाली. माझं झालं, धाकटीचं झालं. "आमच्या मंडळी?" अक्का एवढंच म्हणाली, "हजर." गप बसा म्हणाली नाही. आजवर आम्ही ज्या भीतीची टिंगल केली ती आता गाडीत पाचवं माणूस होऊन बसली होती, आणि तिला उतरा म्हणायची कुणाची छाती नव्हती.

दवाखान्यात गेल्या गेल्या खिडकीवरच्या मुलीनं अक्काला विचारलं, "आजी, मिस्टरांचं नाव?" अक्कानं पदर सारखा केला आणि दाजींकडं बोट दाखवलं. "तेच सांगतील." मुलगी हसली. पण अक्का त्या बाबतीत पक्की होती. लग्नाला एवढी वर्षं झाली, तिनं नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. उखाण्याची वेळ आली की खोकला काढायची. "छातीत झडप बदलतेत म्हणून रीत बदलायची व्हय?" असं तिनं मला उलट विचारलं.

ऑपरेशन नीट झालं. बाईची रया गेली, पण जीव राहिला. डॉक्टरांनी सोडल्यावर आम्ही परत निघालो. केगावला पाटी आली, हजेरी झाली, अक्कानं हळू आवाजात उत्तर दिलं. पुढं सोलापूर आलं, तुळजापूरकडं वळायचा नाका आला, म्हणजे दोन नंबरांचा तुकडा संपला. "गाडी चालवणारे?" हजर. "धाकटी?" हजर. "आमच्या मंडळी?"

उत्तर नाही.

मी गाडी कडेला घेतली. वळून बघवेना. माझी बायको पुढच्या सीटवर दगडासारखी बसली होती. मी वाट बघत होतो, की दाजी पुन्हा विचारतील, नेहमीसारखं, शांतपणे. ते विचारेचनात. शेवटी आरशात बघितलं, तर त्यांचे ओठ हलत होते आणि आवाज फुटत नव्हता. अक्काची मान खिडकीला टेकलेली, डोळे मिटलेले. देवा शप्पथ सांगतो, तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात सगळ्यांना फोन करून मोकळा झालो होतो.

"म्हणलं की हजर," अक्का डोळे न उघडता म्हणाली. "मनात म्हणलं. जोरात बोलू नका म्हणून डॉक्टरांनीच सांगितलंय न्हवं का?"

दाजी दार उघडून खाली उतरले आणि आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. मीही उतरलो. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. म्हणालो, "दाजी, चला, घर आलं. काही झालेलं नाही."

"रस्तं एकत्र येतेत त्येचं भ्या न्हाई वाटत मला," ते म्हणाले. गावाकडचे शब्द त्यांच्या तोंडी नेहमीच असत, पण मास्तरांच्या तोंडून इतकी ठार खेड्यातली बोली मी पहिल्यांदाच ऐकली. "सुटतेत, त्येचं वाटतंय. आदी कोण सुटणार, कळत न्हाई की हो."

अक्का सावरली. पुन्हा पोळ्या लाटायला लागली, पुन्हा दाजींना गप बसा म्हणायला लागली. आणि गेल्या उन्हाळ्यात, कुठल्याही फाट्यापासून लांब, स्वतःच्या घरात, दुपारी जेवून कॉटवर पडलेले दाजी उठलेच नाहीत. म्हातारपणी ज्याला एवढे भ्याले तो रस्ता कॉलनीच्या भिंतीपलीकडं आपला वाहत राहिला. मला फार राग आला. कुणाचा, ते सांगता येणार नाही.

परवा अक्काला तपासणीसाठी पुण्याला न्यायचं होतं. मी, माझी बायको, मागं अक्का एकटी. दोन नंबरांची पाटी आली तसा मी रेडिओ लावायला हात पुढं केला आणि मागं घेतला. तो तुकडा कधी नव्हे एवढा लांब वाटला. केगावचा फाटा दिसायला लागला, आणि मागून अक्काचा आवाज आला.

"गाडी चालवणारे?"

"हजर," मी म्हणालो.

"धाकटी?"

बायको रडत होती. तरी म्हणाली, हजर.

"मी हाय," अक्का म्हणाली. मग घसा साफ केला, आणि नवऱ्याचं नाव घेतलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, शाळेच्या पटावर असतं तसं.

मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. नियमच होता तसा. ट्रक जात होते, गाडी प्रत्येक ट्रकागणिक हलत होती. डावीकडं बावन्न विजापूरला निघाला होता, समोर पासष्ट पुण्याला. मला त्या क्षणी खरोखर भीती वाटली, की आता उत्तर येईल. आणि नाही आलं तर त्याहून वाटली.

बऱ्याच वेळानं अक्कानं पदरानं डोळे पुसले.

"चला पाव्हणं, घ्या गाडी," ती म्हणाली. "ते हितंच उतरले असतील. फाट्यावर माणूस नको का कुणीतरी, झेंडा घेऊन?"

मी गाडी सुरू केली. आरशात मात्र बघितलं नाही.