भर दुपारी आलेला लाइनमन

घरात ब्रॉडबँड घेतलं त्या वर्षी मी पुण्याची नोकरी सोडून आईच्या आजारपणासाठी सोलापुरात आलो होतो. मिळेल ते काम नेटवरून करायचो, आणि ते वेळेत गेलं नाही तर तेही सुटणार होतं. नेट मात्र रोज दुपारी बाराला जायचं आणि ऊन उतरलं की यायचं.

तक्रार केली की टेलिफोन खात्याचा लाइनमन यायचा, तोही सकाळी गारव्यात. वाळका, डोक्याला ओला पंचा. त्या वेळी मॉडेमचे सगळे दिवे शहाण्यासारखे लागलेले असायचे. तो त्यांच्याकडे बघायचाही नाही. आमच्या घरातला फोन कानाला लावून एक नंबर फिरवायचा, बराच वेळ ऐकायचा. मग "लाइन चांगली हाय की," म्हणत कागदावर माझी सही घ्यायचा. अशा सात सह्या मी केल्या. आठव्यांदा त्याच्यावर ओरडलो.

त्याच दिवशी दोन वाजता, भर उन्हात, तो परत आला. "दुखतंय तवाच बघाय पायजे," एवढंच बोलून खांबावर चढला. उन्हानं सैल झालेला तारेचा जोड सोलून पुन्हा पिळला. दिवे लागले. आत येऊन त्यानं तोच नंबर फिरवला.

"दर वेळी कुणाला लावता?"

"घरी, गावाकडं केमला. आमचा फोन तीन महिनं बंद हाय. कुणी उचलला की समजायचं, झाला चालू."

"मग तुम्हीच का नाही दुरुस्त करत?"

"ती हद्द माझी न्हाय," तो म्हणाला, आणि सहीसाठी कागद पुढं केला.