तिसऱ्या गावातलं शेवटचं कुलूप

कुलूपवाल्याच्या लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, पण बायकोला घेऊन तो कधी फिरायला गेला नव्हता. जावं म्हटलं की कोणीतरी किल्ली आत विसरून दार ओढून घेई आणि रडत दुकानात येई. "साऱ्या जगाची दारं उघडलीत, आमचं नशीब तेवढं बंद," हे बायकोचं पालुपद. अखेर त्याने एक दिवस दुकान बंद ठेवलं. डोंगरमाथ्यावरची तीन जुनी गावं बघून संध्याकाळी परत.

बायकोची अट एकच. "कुलपाला हात लावायचा नाही. हात शिवशिवले तर माझा हात धरा."

पहिल्या दोन गावांत त्याने निमूटपणे धरला. तिसरं गाव मात्र ओस. माणसं कधीच खाली उतरून गेलेली. छपरं बसली होती, खिडक्या निखळल्या होत्या, पण एकूण एक दाराला बाहेरून कुलूप, तेही शाबूत. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. बायको फोटो काढत मागे रेंगाळली, तसा हा चालत बोळाच्या टोकाला पोचला.

शेवटच्या घरातून आवाज आला, "अहो! किती वेळ? उघडा की!"

बायकोचाच. तोच चढा सूर, शेवटच्या 'की'वर तीच उडी.

"अगं, तू आत कशी गेलीस?"

"मागच्या खिडकीतून. आता बाहेर निघता येईना. आणि हसू नका हं!"

तो हसलाच. एवढ्या देहाने खिडकीतून! अट घातली म्हणून खिशातली तार थोडीच घरी राहते? तार काढून त्याने डोळे मिटले. जुनं कुलूप डोळ्यांनी नाही, कानांनी उघडायचं, असं उस्तादाने शिकवलं होतं. पहिला खटका. दुसरा. तिसऱ्याला कुलूप सुटलं.

डोळे उघडले तर तारेला कोळ्याचं जाळं, किल्लीच्या भोकात वर्षानुवर्षं भरलेलं. मान वर केली. घराची मागची बाजू सरळ कातळात घुसलेली. तिथे खिडकी कुठली?

"कोणाशी बोलताय?" पाठीमागून बायको आली, घामाघूम.

"अहो, कोण आहे ती?" आतून तोच सूर. "तिला जायला सांगा ना!"

बायको नुसती त्याच्याकडे बघत राहिली.

आतली रडू लागली. सासूबाई गेल्या त्या दिवशी बायको अशीच, तोंडात पदर कोंबून रडली होती. तेव्हा खोलीत त्याच्याशिवाय कोणी नव्हतं. त्याने कडी धरली. दार उघडायचं की लावायचं? चुकलं तर एकोणतीस वर्षं संसार केलेली बायको इथेच राहणार.

माणूस फसवेल, कुलूप फसवत नाही. ज्या कुलपाच्या भोकात जाळं, त्याचं दार आज उघडलेलं नाही. त्याने कुलूप दाबलं. खट्.

आतलं रडणं एकदम किंचाळीत बदललं. दोघं उतार उतरू लागली. किंचाळी गाडीपर्यंत पुरली. त्याने दोनदा किल्ली खाली पाडली.

"तुला ऐकू येतंय का गं?" त्याने विचारलं.

तिने शांतपणे पट्टा लावला, आरशात केस सारखे केले.

"चला आता," ती म्हणाली. "थकेल ती थोड्या वेळाने. सगळ्याच थकतात."