भावोजींची धाप

माझे भावोजी तोकुझो ओकिनो कानाझावाच्या टपाल कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले आणि लगेच आजारी पडले. आजार एकच, धाप. ती लागायच्या वेळाही ठरलेल्या. दारातला बर्फ उपसायचा असला, भांडी विसळायची असली, नाहीतर त्यांच्या मुलीनं, चिहारूनं, घराबाहेर राहायचं नाव काढलं की लागलीच. माझी बहीण गेल्यापासून ती पोर त्यांची पाठ चोळते आहे. दोन स्थळं आणि एक चांगली नोकरी त्या पाठीपायी गेली. मरेना नि माचा सोडेना, दुसरं काय!

हाच माणूस दर आठवड्याला चार शिष्यांना ‘नो’ या जुन्या मुखवट्यांच्या नाटकातली पदं शिकवतो. तेव्हा असा आवाज लावतो की शेजारची कुत्री गप्प होतात. शिष्य वळणावर दिसेनासे झाले की गादीवर कोसळतो. चिहारू मला म्हणायची, "मावशी, बाबा कलेपायी जीव जाळतात गं." माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

यंदा तिच्या मैत्रिणीनं लांब हाकोदातेला बेकरी काढली आणि हिला भागीदार म्हणून बोलावलं. शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. चिहारूनं जेवताना विषय काढला. भावोजींनी आधी मासा काट्यापर्यंत साफ केला, मग त्यांना धाप लागली.

इस्पितळात नळीत फुंकायला सांगितलं, तर त्यांनी अशी फुंकर घातली की त्यानं मेणबत्तीही विझली नसती. डॉक्टर मोरिशिता सभ्य गृहस्थ. तुम्ही सोंग करताय, असं आपल्याकडे तोंडावर कोण म्हणतं?

"नळीत फुंकणं जरा अवघडच असतं," ते म्हणाले. "आपण हलता एक्स-रे काढू. तुम्ही श्वास घेताना छातीचं चित्रीकरण होईल. फुप्फुसांखालचा पडदा किती वरखाली होतो, हवा कुठंकुठं पोचते, ते संगणक बघेल."

पण संगणक तरी काय करणार? जेवढा श्वास घ्याल तेवढाच मोजणार. भावोजी तिथंही श्वास चोरणार, हे मला ठाऊक होतं. म्हणून दाराशी मी हळूच म्हटलं, "भावोजी, उगीच ताण घेऊ नका हं. निशिइदे गुरुजी याच यंत्रापुढं उभे राहिले होते म्हणे. त्यांचा श्वास बघून इथली माणसं थक्क झाली. पण ते पडले कसलेले गायक."

निशिइदे म्हणजे यांचा जुना वैरी, शिष्यही त्याच्याकडे जास्त. मी सांगितलं त्यातलं अक्षरही खरं नव्हतं.

"निशिइदे? तो तर दर ओळीला दम खातो!" असं म्हणून भावोजी तरातरा आत गेले.

थोड्या वेळानं डॉक्टरांनी आम्हाला तिघांना चित्र दाखवलं. पडदा दोन्हीकडून झरझर खाली उतरत होता आणि एखादं पद म्हटल्यासारखा सावकाश, ऐटीत वर येत होता. हवा दाखवणाऱ्या रंगानं फुप्फुसं टोकापर्यंत भरत होती.

"अभिनंदन, ओकिनोसान! या वयात इतका छान श्वास! धाप लागावी असं इथं काहीच दिसत नाही."

"निशिइदेपेक्षा चांगला ना?" भावोजींनी विचारलं.

असला हा माणूस! हरभऱ्याच्या झाडावर चढला आणि खाली मुलगी उभी आहे, हेही विसरला. चिहारूचा चेहरा पांढरा पडला होता.

"डॉक्टर, पुन्हा एकदा दाखवता का?" ती म्हणाली. तिनं ते डोळ्याची पापणी न लववता बघितलं. मग बाहेर व्हरांड्यात येऊन तिनं मैत्रिणीला फोन लावला. "येते मी," एवढंच बोलली.

भावोजींनी भिंत धरली. खांदे उडायला लागले, घशातून शिट्टी वाजली, एक हात तिच्याकडे पसरला.

चिहारूनं फोन पर्समध्ये ठेवला.

"पुरे, बाबा," ती म्हणाली. "मी तुम्हाला आतून बघितलंय."