जिनिंगच्या गोदामातली जोडी

आमच्या क्लबाचा हंगाम सगळ्या जगाच्या उलटा असायचा. बाकीचे लोक पावसाळा लागला की बॅटी माळ्यावर टाकत, आम्ही त्या खाली काढत असू. मानवतच्या काळ्या मातीत पाऊस मुरला की मैदानावर टाकलेली चप्पलसुद्धा परत मिळत नाही. आणि नेमकं त्याच महिन्यांत जिनिंगचं गोदाम रिकामं पडलेलं असायचं, कारण कापूस यायचा दसऱ्यानंतर. मग दर रविवारी सकाळी आम्ही त्या पत्र्याच्या गोदामात टेनिसच्या चेंडूनं खेळायचो. जिनिंगचा फिटर आमचा कप्तान होता, कारण गोदामाची चावी त्याच्याकडं होती. दुसरं कुठलंच कारण त्याच्या खेळात शोधून सापडलं नसतं, आणि हे मी त्याला तोंडावर सांगत असे.

नियम आमचेच. भिंतीला चेंडू लागला की एक धाव, वरच्या पत्र्याला लागला की बाद. बॅटिंग एकेकट्यानं नाही, जोडीनं. प्रत्येक जोडीला चार षटकं. बाद झालं तरी बाहेर जायचं नाही, नुसत्या तीन धावा वजा व्हायच्या. हंगामाच्या सुरुवातीला जोड्या ठरत आणि शेवटपर्यंत बदलत नसत. जोडीदार आला नाही तर तुम्हीही भिंतीला टेकून बसा.

माझा जोडीदार माझ्याच गावचा होता. आमचं गाव बोरीच्या पुढं, आडरस्त्याला. त्याचं घर गावातल्या बड्या शेतकऱ्याचं, पाटीलकीचं. आम्ही बौद्ध, आमची वस्ती ओढ्यापलीकडं. गावात त्याच्या घराची पायरी मी कधी चढलो नाही, आणि तो ओढा ओलांडून कधी आला नाही. पण मानवतला तो शाळेत मास्तर लागला, मी कालव्याच्या कचेरीत कारकून झालो, आणि परक्या गावात आम्ही एकमेकांचे गाववाले झालो. त्यानं 'ये' म्हटलं की मी चेंडू कुठं आहे ते न बघता पळायचो. तीन हंगाम आमची जोडी पहिली होती, याचा मला भारी माज होता.

दुसरी गोष्ट म्हणजे आमच्या क्लबात शिव्या फार. झेल सुटला की फिटर मराठी, उर्दू आणि दखनी या तिन्ही भाषांतून तुमचा उद्धार करायचा. त्यात जात, धर्म, नोकरी काही बघायचा नाही. मीही मागं नव्हतो.

त्या वर्षी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला. रेडिओवर बातमी आली तेव्हा मी राहायचो त्या गल्लीत पेढे वाटले, त्यातले काही मी कचेरीतही नेले. कुणी घेतले, कुणी 'ठेवा, नंतर घेतो' म्हणाले. मग दुसऱ्याच बातम्या यायला लागल्या. रस्त्यात झाडं आडवी पाडली, एसटीच्या काचा फोडल्या, कुठल्याशा गावात वस्ती पेटवली. रोज नवीन गावाचं नाव कानावर यायचं, आणि प्रत्येक नाव आदल्या दिवशीच्यापेक्षा जवळचं असायचं. माझे आबा आणि माय गावातच होते. मला रात्री जेवण जाईना.

अशात हंगामाचा पहिला सामना आला. खेळावं की नाही यावर कुणी काही बोललं नाही, म्हणून सगळे आले. समोर बँकेतल्या लोकांचा संघ होता. दुसऱ्याच षटकात माझ्या हातात सोपा झेल आला, लहान पोरानं घ्यावा असा, आणि मी तो सोडला. मी मान खाली घालून शिव्यांची वाट बघत उभा राहिलो.

फिटर म्हणाला, "कोई बात नै भाई. होता."

भाई! तीन वर्षांत त्यानं मला भाई म्हटलं नव्हतं. बाकीचेही 'असू द्या, असू द्या' म्हणाले. असू द्या! आजाऱ्याच्या खाटेशी लोक बोलतात तसे ते माझ्याशी बोलत होते. मी मुद्दाम आणखी एक चेंडू पायातून जाऊ दिला. तरी कुणी काही बोललं नाही. आम्ही सामना जिंकलो आणि मी घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडलो.

दुसऱ्या रविवारी मार्केट यार्डातला संघ होता, अडतींवरचे मुनीम आणि मापाडी. जोडीदार उशिरा आला. त्याची विजार गुडघ्यापर्यंत चिखलानं भरली होती. शनिवारी तो गावाला गेला होता, हे मला तेव्हाच कळलं. मी विचारलं, "गाव कसं हाय?" तो म्हणाला, "हाय," आणि बॅट उचलली.

गुरं आत येऊ नयेत म्हणून फिटरनं नेहमीप्रमाणं मोठं दार आतून लावलं. बाहेर पाऊस जोरात होता, पत्र्यावर इतका आवाज की बोललेलं दोन हातांवर ऐकू येत नव्हतं. पहिलं षटक संपल्यावर आम्ही रीतीप्रमाणं मध्ये आलो. तो बॅटनं जमीन ठोकत खालीच बघत बोलला.

"आज गावाला जा. तुज्या आबाला अन् मायला घिऊन ये."

त्याच्या घरातलं शेंबडं पोरसुद्धा माझ्या बापाला नुसत्या नावानं हाक मारायचं. त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच 'आबा' ऐकलं.

"काय झालं?"

"इचारू नको. उद्या दिवस मावळायच्या आत ते तिथं नसावेत. अन् आत्ता पळू नको. चार षटकं पुरी कर. मधीच गेलास तर कुणी सांगितलं ते कळंल. किपर माझा चुलतभाऊ हाय."

मी परत स्टंपांपुढं गेलो तेव्हा किपर माझ्या मागं वाकून उभा होता. यार्डात मापाडी होता, चांगला हसऱ्या तोंडाचा. उरलेली तीन षटकं मी त्याच्या श्वासाच्या अंतरावर खेळलो. खेळलो कसला, बॅट हलवत राहिलो. किती वेळा बाद झालो याची गणती मी ठेवली नाही. एकदा मी उगाच पळत सुटलो तेव्हा किपर मागून मोठ्यानं म्हणाला, "दमानं घ्या भाऊसाहेब. घाई कशाची हाय?" त्याला काही कळलं होतं की सहज म्हणाला, देव जाणे. मी मात्र तेव्हापासून त्याच्याकडं पाठ करताना प्रत्येक वेळी दचकत होतो.

डाव संपला. मी पोटात दुखतंय म्हणून निघालो आणि स्टँडवर आलो. गाड्या कधी सुटत होत्या, कधी नाही. नशिबानं परभणीची मिळाली, तिथून बोरीची. पुढं चिखल तुडवत गाव गाठलं. आबा दारात बसून दाव्याला पीळ देत होते. मी सगळं सांगितलं, फक्त कुणी सांगितलं ते नाही. मग घरोघर फिरून सांगितलं. काहींनी लगेच बायकापोरं पाहुण्यांकडं लावून दिली. काही म्हणाले, आपल्या गावात तसलं काही व्हायचं न्हाई. शेजारच्या म्हातारीला तर हसूच आलं. "मला म्हातारीला कोन काय करतंय रे?" म्हणाली.

आबाही तेच म्हणत होते. शेवटी मायनं लुगड्याचं गाठोडं बांधलं आणि "तुमी बसा, मी निगाले" म्हणून चालायला लागली. तेव्हा आबा उठले.

मंगळवारी मानवतला, माझ्या खोलीवर बातमी आली. सोमवारी वस्ती पेटवली होती. आमच्या घराचा वासाही उरला नव्हता. जे थांबले होते ते हायब्रीड ज्वारीच्या रानातून पळाले. शेजारची म्हातारी पळू शकली नाही.

 संध्याकाळी आबा म्हणाले, "तुला सांगितलं कुनी?"

आता लपवायचं कारण नव्हतं. मी अभिमानानं सांगितलं, माझ्या जोडीदारानं.

"त्याला आदीच ठावं व्हतं?"

"हो."

"मंग त्या दिशी त्यो कुटं व्हता?"

"इथंच, मानवतला. परत गावाकडं गेलाच नाही."

मी त्याची बाजू मांडली. घरचे भाऊ, चुलतभाऊ, त्याच्या जिवालाही धोका होता, तरी त्यानं सांगितलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"त्यो आडवा हुबा ऱ्हायला आसता तर कुनाची काडी वडायची छाती न्हवती," ते म्हणाले. "त्यांच्याच घरचं पोरगं हाय त्यो. मंग आमाला हितं यायचं कामच न्हवतं. म्हातारी बी ऱ्हायली आसती."

माय चिडली. "ज्यानं जीव वाचवला त्याला नावं ठिवू नका."

"नावं न्हाई ठिवायलो," आबा म्हणाले. "इचारायलो."

 चार दिवस मी त्याचं उत्तर शोधत होतो. पहिल्या सामन्यातही जोडीदार माझ्याशी कमीच बोलला होता, हे आठवत राहिलं. तेव्हापासूनच त्याला माहीत होतं का? हे त्याला विचारायची माझी हिंमत झाली नाही, आजतागायत झाली नाही.

तिसऱ्या रविवारी मी गोदामात गेलो. तो माझी वाट बघत दाराशीच उभा होता. चेहरा उतरलेला, डोळे लाल.

"आबा-माय बरे हायेत ना?"

"बरे हायेत."

"म्हातारीचं ऐकलं मी," तो म्हणाला.

फिटर जोड्या पुकारायला लागला. आमची पहिली. मी म्हणालो, "माझी जोडी बदला."

"ऐसा कैसा?" फिटर म्हणाला. "हंगाम चालू हाय. हुआ क्या?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले.  जोडीदारच म्हणाला, "बदला. त्याचं बरोबर हाय."

आबा आणि माय पुढं पुष्कळ वर्षं माझ्याजवळ राहिले. नातवंडं खेळवली. ते त्याच्यामुळं, हे मी कुणापुढंही सांगतो. त्या रविवारी तो बॅट खाली ठेवून गोदामाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. मी त्याला थांब म्हणालो नाही.