काकांच्या भरतीची पानं

खांदेश्वरला घरी बसून मी लोकांच्या वेबसाइट सांभाळतो. खाडीकाठच्या एका कोळी कुटुंबाची मासळीविक्रीची नवी साइट मीच केली. जुना पत्ता उघडणाऱ्याला आपोआप नव्या पत्त्यावर न्यायचं, याला आम्ही रीडायरेक्ट म्हणतो. एकेक पान जुळवायचा कंटाळा आला, म्हणून मी जुन्या साइटवर येणाऱ्या प्रत्येकाला सरसकट नव्या दुकानाच्या दारात, पापलेटच्या फोटोसमोर नेऊन सोडलं. काम झालं म्हणून हात झटकले.

महिन्याभराने दुकान चालवणाऱ्या मुलाच्या आईचा फोन आला. "बाला, मना ह्यांचा लिवलेला दिसत नाय. सारका पापलेटच येते."

तिचा नवरा, म्हणजे काका, जुन्या साइटवर रोज तिथी, भरतीची वेळ आणि खाडीबद्दल एखादी ओळ लिहीत. पक्षाघाताने त्यांची वाचा गेली. तेव्हापासून काकू दुपारी त्यांना त्यांचंच लिखाण वाचून दाखवायच्या, आणि कधीमधी एखादा शब्द परत यायचा. माझ्या आळसाने तेवढंही बंद पडलं होतं. मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओटीवर लॅपटॉप घेऊन बसलो. जाळी सुकत होती, खाडीच्या वाऱ्याने डोळे जड होत होते. काकांची पानं जुन्या जागी शाबूत होती. 'पंचमी. पाणी शांत. बगळे माझ्याकडे बघत बसले.' वाचता वाचता मी कुठल्या सालातल्या दुपारी बसलोय तेच कळेना. काकांची सगळी पानं रीडायरेक्टमधून वगळली. तरी काकूंच्या मोबाइलवर पापलेटच! त्या दीडशहाण्या मोबाइलने माझी चूक पाठ करून ठेवली होती. त्याची साठवण पुसली, तेव्हा कुठे अष्टमीचं पान उघडलं.

काकू काकांशेजारी बसून वाचू लागल्या, "अष्टमी. आज उधान हाय."

पानावर 'भांग' लिहिलेलं मला दिसत होतं. अष्टमीला भरती कमी चढते, तो भांग, उधाण अमावास्या-पुनवेचं. हे कोळणीला मी सांगावं? तरी तोंड उघडलंच. काकूंनी हातानेच मला गप्प केलं.

काकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ओठ बराच वेळ हलत राहिले.

"भांग," ते चिडून म्हणाले.

"हां, भांग," काकू म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसत पुढची ओळही मुद्दाम चुकीची वाचू लागल्या.