चालत आलेल्यांचे बाकडे

झोडणीचे दिवस होते. नव्वदचे दशक सरत आले होते. मुरबाडच्या पुढे, म्हशाच्या रस्त्याला आमचे गाव. सकाळी खळ्यावर भात झोडताना माझ्या बायकोने हातातली पेंढी खाली ठेवली आणि ती खांबाला टेकून उभी राहिली. काम अर्धवट सोडणारी बाई ती नव्हे. तिच्या कपाळावर घाम होता. कामाचा घाम मी ओळखतो; हा वेगळा होता. पाठीत भरून आले आहे, डावा हात जड झाला आहे, एवढेच ती म्हणाली. दवाखान्यात जाऊ, असे मी सांगितले.

ती लगेच निघाली नाही. आधी तिने अंघोळ केली, कारण अंगाला भाताचे तूस चिकटले होते. केस विंचरले, कुंकू लावले आणि ट्रंकेतले घडीचे लुगडे नेसली. मीही धुतलेले धोतर नेसलो, टोपी घातली. आमच्या घरात शिवेबाहेर कामाच्या कपड्यांत कोणी जात नाही, आणि डॉक्टरसमोर तर नाहीच. जो आपल्या अंगाला हात लावणार, त्याच्यासमोर स्वच्छ जावे, असे तिच्या आईने तिला शिकवले होते. यात चूक काय, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

शहापूरच्या रस्त्यावर तेव्हा एक खाजगी रुग्णालय होते. आज ते नाही. नाव लिहिण्याची गरज नाही. जीपने आम्हाला फाट्यावर सोडले आणि तिथून आम्ही चालत गेलो. वाटेत ती एकदाच थांबली, आणि तेही पदर नीट करण्यासाठी, असे तिने भासवले.

तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर टेबलामागे बसले होते. त्यांनी काय होते म्हणून विचारले. ती म्हणाली, "काय नाय, जरा पाठ भरलीय." हाताचे आणि घामाचे मी सांगितले. डॉक्टरांनी तिच्या लुगड्याकडे पाहिले, कुंकवाकडे पाहिले, मग तिच्या पायांकडे पाहिले.

"चालत आलात ना?"

मी हो म्हणालो.

"मग घाबरायचं कारण नाही. पित्त आहे. ही गोळी घ्या, थोडा वेळ बाहेर बसा आणि घरी जा."

ते खुर्चीतून उठले नाहीत. त्यांनी तिला हात लावला नाही. ज्या हातासाठी ती अंघोळ करून आली होती, तो हात टेबलावरच राहिला.

बाहेर भिंतीला लागून एक बाकडे होते. त्यावर आणखी दोघे बसले होते, तेही स्वतःच्या पायांनी आलेले. आम्ही त्यांच्या शेजारी बसलो. तिने गोळी घेतली. फरक पडला नाही.

एवढ्यात फाटकातून गलका आला. डोंगरातल्या वाडीची माणसे एका म्हातारीला झोळीत घालून आणत होती. बांबूला बांधलेले कांबळे, दोन्ही टोकांना खांदे, मागून रडणाऱ्या बाया. ओढा तुडवून आल्यासारखे सगळ्यांचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. त्यांना कोणी काही विचारले नाही. आतला दरवाजा आपोआप उघडल्यासारखा उघडला. डॉक्टर खुर्ची मागे सारून उठले आणि धावले. दार उघडेच राहिले होते, म्हणून मला सारे दिसले. म्हातारीला पलंग मिळाला. पलंगावर स्वच्छ चादर होती. बाटली टांगली गेली. डॉक्टरांनी तिचे मनगट हातात धरले आणि बराच वेळ सोडले नाही.

त्या मनगटाकडे मी पाहत राहिलो. दुसऱ्याचे शेत, बैल, पक्के घर पाहून माझे मन कधी हलले नव्हते. त्या दिवशी एका अनोळखी म्हातारीचे मनगट मला सहन होईना. त्या वाडीची माणसे आमच्याकडे भातलावणीला येत. ती ओसरीवर बसत, आम्ही घरात. इथे ती घरात होती आणि आम्ही ओसरीवर होतो.

मी उठून सिस्टरकडे गेलो. माझ्या बायकोला पुन्हा तपासा, असे सांगितले. ती म्हणाली, आत सिरियस पेशंट आहे. मग बाकड्याकडे पाहून म्हणाली, "तुमच्या मावशी नीट बसल्यात की, काका." नीट बसणे हा प्रकृती उत्तम असल्याचा पुरावा ठरला होता.

काही वेळाने म्हातारीचा मुलगा बाहेर आला. तिशीचा असेल. बाकड्यावर जागा असूनही तो समोर जमिनीवर उकिडवा बसला आणि त्याने माझ्याकडे तंबाखू मागितली. मी दिली. आई कशी आहे, हे मी विचारले नव्हते, तरी त्याने सांगितले. देवीचा उपास होता, अन्न पोटात नव्हते, ओढ्यावर चक्कर येऊन पडली. आता उठून बसली आहे आणि चहात साखर कमी म्हणून सिस्टरशी भांडते आहे. तो हसला. मी हसलो नाही. चक्कर आलेल्या बाईला चादर, आणि माझ्या घरच्या बाईला लाकूड. मनात एवढेच घोळत होते.

तो माझ्या बायकोकडे पाहत होता. "काका, बाय बोलत का नाय?"

ती बराच वेळ बोललेली नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले. माझे सारे लक्ष आतल्या पलंगाकडे होते. तिचे ओठ पांढुरके झाले होते. कुंकू घामाने ओघळून नाकापर्यंत आले होते. पित्त आहे म्हणतात, असे मी त्याला सांगितले.

"लग्नाला आनलीव काय हिला?" तो म्हणाला. "घडी मोडून, केस इचरून. हितं चालत येनाऱ्याला कोन पुसतो? झोळीत घाला."

आमच्या घरातल्या बाया झोळीतून जात नाहीत, असे मी बजावले.

"मंग बसा," तो म्हणाला.

तो उठला. भिंतीशी टेकवलेली झोळी त्याने आणली आणि बाकड्यापुढे कांबळे पसरले. मला काही विचारले नाही. तिच्याकडे वाकून म्हणाला, "बाय, नीज ह्यात. लाजू नको."

ती निजली. चिखलाच्या कांबळ्यावर, घडीच्या लुगड्यासकट, पाय पोटाशी घेऊन निजली. मी सांगितले असते तर ती निजली नसती. लग्नाला इतकी वर्षे झाली होती. माझ्या सांगण्यावरून ती कोणासमोर कधी आडवी झालेली मला आठवत नाही.

त्याने आपल्या सोबत्यांना हाक मारली. त्यांनी बांबू खांद्यावर घेतला आणि फाटकातून आले होते तसेच ओरडत आत शिरले. मेली, मेली, असे एकजण म्हणत होता. आतल्या म्हातारीने पलंगावरूनच त्यांच्या सुरात सूर मिसळला. डॉक्टर धावत आले. त्यांनी मनगट धरले, आणि त्यांचा चेहरा बदलला. छातीला वायरी लावल्या, कागदाची पट्टी काढली. म्हातारीला उठवून तिथे माझ्या बायकोला निजवले. इंजेक्शन दिले, नळी लावली, ठाण्याला न्यायला गाडी बोलावली.

"हार्ट अटॅक आहे," डॉक्टर म्हणाले. "काका, आधी नाही का सांगायचं?"

सांगितले होते, असे मी म्हणालो. ते पट्टी पाहत राहिले.

ठाण्यात ती वाचली. हृदयाचा काही भाग निकामी झाला आहे, ओझे उचलू नये, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले. आम्ही घरी आलो. विचारपूस करायला माणसे येत, आणि ती प्रत्येकाला एकच गोष्ट सांगे: वाडीचा तो पोरगा देवासारखा आला. रुग्णालयाने केलेल्या हेळसांडीचा ती उल्लेखही करत नसे. मी तिथे होतो, याचाही नसे. ठाण्याच्या वऱ्हांड्यात मी किती रात्री काढल्या, हे कोणी विचारले तर ती म्हणे, "त्ये व्हतेच की."

म्हशाच्या जत्रेत तो तिला भेटला. पुढल्या दिवाळीपासून भाऊबीजेला तो आमच्या घरी येऊ लागला. येताना मध आणी, कधी कंद आणी. शहापुरात तिचे सख्खे भाऊ आहेत. तेही येत आणि त्याच्या शेजारी पाटावर बसत. ती आधी त्याला ओवाळी, मग त्यांना. सख्ख्यांना त्याचे वाईट वाटले नाही. मला वाटले. नवऱ्याने भावाचा मत्सर करणे हास्यास्पद आहे, हे मला कळते. कळल्याने मत्सर जात नाही.

एका भाऊबीजेला आम्ही जेवत होतो. त्याने वाढणाऱ्या तिला विचारले, "बाय, इहिरीचा चढ चढवतो का?"

"दोनदा बसत्ये मदी," ती म्हणाली. "खडकावर. हंडा भरलेला असला का दम कोंडतो."

माझा घास हातात राहिला. मी त्याच घरात राहत होतो. तिने पाणी आणणे बंद केले आहे आणि ते शेजारच्या सुना आणतात, अशी माझी समजूत होती. तीच समजूत तिने राहू दिली होती. त्याने एकदाच विचारले, आणि तिने त्याला सांगितले. मी विचारले नव्हते, हे खरे. पण मला विचारावे लागू नये, असे मी धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी हंडा खांद्यावर घेऊन विहिरीवर गेलो. आमच्याकडे पुरुष पाणी भरत नाहीत. रहाटावर बाया होत्या. त्यांतली एक म्हणाली, "काय बाबा, म्हातारपनी सासुरवास?" बाकीच्या पदरात हसल्या. मी हंडा भरला आणि चढ चढलो. बायको दारात उभी होती. तिने बाजूला होऊन वाट दिली. त्यानंतर ती असेपर्यंत पाणी मीच आणले.

त्या गोष्टीबद्दल ती माझ्याशी कधी एक शब्द बोलली नाही. पुढच्या भाऊबीजेला तो आला, तेव्हा मी ओसरीवर होतो. आत ती त्याला सांगत होती की यंदा बरे आहे, पाण्याला हे जातात, अख्खा गाव हसतो तरी जातात. सांगताना ती हसत होती. तसे हसणे मी फार वर्षांनी ऐकले.